कान नसलेले चेहरे

सुलभाताई मेस्त्री वर्तमानपत्रासाठी पुढाऱ्यांचे चेहरे रेखाटत. चेहरा हुबेहूब, पण त्याला कान कधीच नसत. हीच बाईंची शैली, असं म्हणत समीक्षकांनी त्यावर लेखही पाडले होते.

एके दिवशी सॉफ्टवेअर कंपनीचे मालक शिरगुप्पे संपादकांना म्हणाले, "बाईंची सगळी चित्रं माझ्या कॉम्प्युटरनं घोटलीत. त्या माझा चेहरा कसा काढतील, ते तो आधीच काढून दाखवेल. चित्रं जुळली, तर यापुढे बाईंची गरज काय?"

कॉम्प्युटरचं चित्र पाकिटात बंद झालं. शिरगुप्पे ऐटीत खुर्चीवर बसले आणि ताईंनी सावकाश चित्र पुरं केलं. पाकीट फोडलं तसे सगळे वाकून बघू लागले. रेषा तीच, भुवईचा झटका तोच. पण ताईंच्या चित्रात दोन ठसठशीत कान होते.

"तुम्ही मुद्दाम शैली सोडलीत," शिरगुप्पे चिडून म्हणाले.

"शैली कसली?" ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी सभेत बसून काढायचे. कानांपर्यंत पोचायच्या आत पुढारी उठून चालते व्हायचे, आणि न बघितलेलं मी काढत नाही. आज तुम्ही तासभर जागचे हलला नाहीत, म्हणून कान जमले. तुमचा कॉम्प्युटर शिकलाय ती माझी शैली नव्हे, पुढाऱ्यांची घाई."