मागे बसायचा महिना

“बरं, हे सगळं राहू द्या चाचा. यातली सगळ्यांत आरामदायी कुठली, तेवढंच सांगा.”

हेरंब सातपुतेनं चौथ्यांदा तोच कागद पुढे केला. गफूरचाचा स्टुलावर बसून कार्ब्युरेटरची जाळी फुंकत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

कागद मात्र पाहण्यासारखा होता. आठ स्कूटर, आठ रकाने. सीटची उंची, गादीची जाडी, वजन, पाय ठेवायची जागा, पुढची स्प्रिंग, मागची स्प्रिंग. हेरंब तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवायचा आणि आपण शिकवतो हे सहसा कुणाला विसरू द्यायचा नाही. तीन रविवार त्यानं पुण्यातली शोरूम पालथी घातली होती. आठही गाड्या एकाच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून, त्याच वेगानं चालवून पाहिल्या होत्या. तरी निर्णय होत नव्हता, म्हणून तो नाना पेठेतल्या या बोळात, चाचांच्या गॅरेजवर आला होता.

याच बोळात, अठरा वर्षांचा असताना, तो गाडी शिकला. चाचा शिकवायचे ते फुकट. अट एकच असायची. आधी महिनाभर त्यांच्या मागे बसायचं, मगच हँडलला हात लावायचा. बाकीची पोरं मुकाट्यानं महिना काढायची. हेरंबनं चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी वाद घातला. मागे बसून काय शिकायचं असतं, हँडल तर पुढे आहे! चाचांनी खांदे उडवले आणि किल्ली दिली. हेरंबला त्याच दिवशी गाडी चालवता आली. हा किस्सा तो अजूनही वर्गात सांगतो.

“आराम कुणाला पाहिजे?” चाचांनी विचारलं.

“वैजूला.”

वैजू म्हणजे वैजयंती, त्याची बायको. हडपसरच्या एका शाळेत ती ग्रंथपाल होती. वर्षानुवर्षं हेरंब तिला सकाळी शाळेच्या फाटकाशी सोडायचा आणि तसाच पुढे तंत्रनिकेतनात जायचा. संध्याकाळी परत आणायचा. दीड वर्षापूर्वी तिच्या मणक्यातली चकती सरकली. औषधं झाली, पट्टा झाला, व्यायाम झाले. ती पुन्हा कामावर जायला लागली, पण बसनं.

“आठ महिने झाले,” हेरंब म्हणाला. “गाडीवर कंबर धरते म्हणते. मी म्हटलं, गाडीच बदलू. तर म्हणाली, कशाला उगाच...”

 त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच होती. गाडीवरचा जातानाचा अर्धा तास आणि येतानाचा अर्धा तास, एवढंच काय ते त्यांचं एकत्र असणं. रस्ताभर तो बोलायचा. कॉलेजातलं राजकारण, प्राचार्यांचा मूर्खपणा, सरकारचे नियम. ती मागून ‘हं’ म्हणायची. आता एकट्यानं गाडी चालवताना त्याला मागचं हलकेपण सोसत नव्हतं. ती आपल्याला टाळते की काय, असं कधीकधी मनात यायचं. मग तो घाईघाईनं स्प्रिंगांकडे वळायचा.

“बसमध्ये बसायला मिळतं तिला?”

“कुठलं! बहुतेक रोज उभीच.”

“कंबरेचा पट्टा बांधून?”

“हो.”

चाचांनी जाळी उजेडात धरून पाहिली.

“आणि बसला खड्डे लागत नाहीत?”

 बसच्या मागच्या चाकावर उभं राहून येणारा दणका हेरंबला गणितानं सांगता आला असता. तो स्कूटरच्या तिप्पट होता. आठ महिन्यांत हे गणित त्यानं एकदाही मांडलं नव्हतं.

“तुझी जुनी गाडी कुठंय?”

“बाहेर लावलीय. तिला काही झालेलं नाही चाचा. मी चालवलेली गाडी आहे. तीस वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही कुठे.”

चाचा गुडघ्यांवर हात टेकत उठले. सत्तरी उलटली होती, पण गाडीपाशी गेले की कंबर सरळ व्हायची. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते सीटपाशी वाकले. पुढची बाजू हेरंबच्या बैठकीनं खोलगट झाली होती. अगदी मागच्या कडेला शिवण उसवली होती. मधला वीतभर पट्टा कोरा होता, आजच शोरूममधून आणल्यासारखा.

मग त्यांनी सीटमागच्या लोखंडी दांडीवरून हात फिरवला. वरून नाही, खालून. डाव्या बाजूला हात थांबला. बराच वेळ थांबला.

“काय झालं? गंजलीय का?”

“नाही,” चाचा म्हणाले. “गंज चढायला वेळच मिळाला नाही हिला.”

त्यांनी फडक्याला हात पुसले.

“किल्ली दे. मागं बस.”

“तुम्ही चालवणार?” हेरंब हसला. “चाचा, या वयात...”

“मागं बस.”

हेरंब बसला.

बोळातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर चाचांनी अॅक्सिलरेटरचा असा कान पिळला, की हेरंबची मान मागे हिसकली. पुढे बस होती आणि दुभाजक होता. त्यांच्यामध्ये सायकल कशीबशी जाईल एवढी फट होती. चाचांनी गाडी त्या फटीत घातली. बसचा पत्रा हेरंबच्या गुडघ्यापासून चार बोटांवरून सरकत गेला.

आणि चाचा बोलत होते. सारखे बोलत होते. स्प्रिंग कडक असली तर काय होतं, मऊ असली तर काय होतं, आजकालच्या पोरांना काही कळत नाही, कंपन्यांना काही कळत नाही. मागे बसलेल्याला काय वाटतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

हेरंबला समोर चाचांची पाठ दिसत होती, दुसरं काही नाही. खड्डा येतोय हे त्याला खड्ड्यात गेल्यावर कळत होतं. चाचा आधीच सावरून बसायचे, कारण रस्ता त्यांना दिसत होता. ब्रेक लागला की हेरंब पुढे आपटायचा. परत आपटायला नको म्हणून तो मागे सरकला, आणखी मागे सरकला, अगदी कडेपर्यंत.

“बरोबर आहे ना मी म्हणतो ते?” चाचांनी मान न वळवता विचारलं.

“हं,” हेरंब म्हणाला.

तोच ‘हं’ तो वर्षानुवर्षं मागून ऐकत आला होता.

सिग्नल पिवळा होता. चाचांनी वेग वाढवला. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता...

“चाचा, हळू!”

“अरे काही होत नाही. तीस वर्षं चालवतोय.”

हेरंबचा डावा हात आपोआप मागे गेला आणि त्यानं दांडी घट्ट पकडली. बोटं खालून वळली. खालच्या बाजूला रंग नव्हता. नुसतं गुळगुळीत लोखंड होतं, चार ठिकाणी किंचित झिजलेलं. त्याची बोटं त्याच्या बायकोच्या बोटांपेक्षा जाड होती, तरी चारही जागा त्याला सापडल्या.

वैजूही आधी ‘हळू’ म्हणायची. लग्नानंतरची काही वर्षं रोज म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. तिला सवय झाली, असं हेरंबनं धरलं होतं. आणि तिच्या पाठीत मणक्यापाशी सतत गाठ कशानं बसते, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ‘दिवसभर पुस्तकं उचलते ना’ हे उत्तरही त्यानंच दिलं होतं. ती गप्प राहिली होती.

अकरा वर्षं ही गाडी होती. त्याआधी दुसरी होती. तिची दांडी त्यानं कधी पाहिली नव्हती.

गॅरेजपाशी गाडी थांबली तरी त्याला हात सोडवेना. एकेक बोट उचलून त्यानं तो सोडवला.   तो स्टुलावर जाऊन बसला.

चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तिनं सांगायचं तरी होतं,” हेरंब अखेर म्हणाला.

 चाचा भिंतीकडे पाहत होते. तिथे पान्यांच्या रांगेच्या वर, एकाच खिळ्याला, एक जुनी लोखंडी दांडी टांगलेली होती. कधीतरी कुणीतरी ती विकत मागितली होती आणि चाचांनी त्या गिऱ्हाइकाला हाकलून दिलं होतं, एवढं हेरंबला आठवत होतं. तो ती भंगार समजायचा. आता उठून जवळ गेला आणि त्यानं खालून हात लावून पाहिला.

तीही झिजलेली होती. डावीकडेच. त्याच्या गाडीच्या दांडीपेक्षा जास्त.

मेहरूचाची जाऊन सहा वर्षं झाली होती. मागे बसायची ती अट चाचांनी पोरांना घातली, तेव्हा चाची जिवंत होती. रोज त्यांच्याच गाडीवरून मंडईत जात होती.

“हे तुम्हाला कधी कळलं?” हेरंबनं विचारलं.

“गाडी मोडीत काढताना. ती गेल्यावर.”

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. चाचांनी जाळी पुन्हा उचलली, पण फुंकली नाही. हातात नुसती धरून राहिले. इतकी वर्षं या माणसाला हेरंबनं कधी म्हातारा म्हणून पाहिलं नव्हतं.

त्यानं खिशातून तो आठ रकान्यांचा कागद काढला. घडी केली, उलगडली, परत घडी केली. एका रकान्याला शीर्षक द्यायचं राहून गेलं होतं, एवढं त्याला समजत होतं. त्यात काय लिहायचं ते समजत नव्हतं.

“आता कुठली घेऊ, चाचा?”

“शाळा किती वाजता सुटते तिची?”

“पाचला. सव्वापाचची बस पकडते.”

“मग ऊठ. वेळेत पोचशील.” चाचांनी हात पुढे केला. “किल्ली राहू दे इथंच. रिक्षानं जा, आणि ती ज्या बसमध्ये चढेल, तीत चढ.”

“आणि तिला काय सांगू?”

“काही सांगू नकोस. बोलू नकोस. शेजारी जागा मिळाली तरी बसू नकोस. तिच्या मागं उभा राहा...”

हेरंबनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तो बोळाच्या तोंडाशी पोचला, तेव्हा मागून चाचांचा आवाज आला.

“आजचा धरून पाच झाले तुझे. पंचवीस दिवस राहिलेत अजून.”