घटकाबुडव्या

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे वेळ मनगटावर बांधायची सोय नव्हती तेव्हा, एका गावात एक चोर राहत होता. निवृत्त चोर म्हणू या. ज्या राजाचा खजिना त्याने फोडला तो राजा गेला, त्याचं राज्यही गेलं, त्यामुळे त्याला पकडायला कुणी उरलं नव्हतं. लूटही कधीच उडाली होती. उरली होती ती फक्त लुटीची गोष्ट.

त्या गोष्टीवर तो जगत होता. तिसऱ्या प्रहरी चिंचेखालच्या पारावर तो येऊन बसायचा आणि गाव हातातली कामं टाकून जमायचं. कुणी भाकरी आणायचं, कुणी ताक. चोर तो चोर, वर त्यालाच मानाचं पान! पण गोष्ट होतीच तशी. तुम्हीही ऐका.

"आम्ही चौघे होतो," चोर सुरुवात करायचा. "आणि राजाच्या रत्नशाळेवर पहारेकरी किती? चाळीस! दुपारचा टोला पडला की हे चाळीस घरी जायचे आणि नदीपलीकडच्या छावणीतून दुसरे चाळीस यायचे. मधे माशीलाही शिरायला फट नाही. मग आम्ही काय केलं? ती फट तयार केली!"

त्या काळी वेळ पाण्यात मोजत. मोठ्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेलं एक पात्र तरंगत ठेवायचं. पात्रात हळूहळू पाणी चढायचं, ते बुडलं की एक घटका झाली. घटका मोजणारा माणूस टोला द्यायचा आणि पात्र पुन्हा तरंगत सोडायचा. राजवाड्यात असा एक माणूस होता. छावणीत तसाच दुसरा.

"राजवाड्याचा घटका मोजणारा म्हणजे एक झोपाळू म्हातारा!" चोर सांगायचा. "मी गेलो तर हा हनुवटी छातीवर टेकून घोरतोय. असा!" आणि चोर असा काही घोरून दाखवायचा, की पोरं पोट धरून हसायची. "मी पात्राच्या भोकात सुई फिरवली. भोक मोठं झालं, पात्र लवकर बुडायला लागलं. दुपारचा टोला पडला तो दोन घटका आधीच! इकडचे चाळीस घरी गेले, तिकडचे चाळीस अजून जेवतच होते. रत्नशाळा उघडी आणि आम्ही आत!"

मग सगळी रत्नं एका मेण्यात घातली. चौघांतल्या एकाने मिशी उतरवली, शालू नेसला आणि नवरी होऊन त्या रत्नांवर बसला. सासरी निघालेली ही नवरी इतकी हमसून रडली, की वेशीवरच्या शिपायाने मेणा अडवायचं सोडून स्वतःचेच डोळे पुसले.

इथे सगळा पार टाळ्या वाजवायचा. खरं सांगायचं तर मीही दर वेळी हसतो. त्याबद्दल शेवटी बोलू.

त्या गोष्टीतून गावाला एक शब्द मिळाला होता. टोला चुकला म्हणून राजधानीत लोक त्या म्हाताऱ्याला 'घटकाबुडव्या' म्हणायला लागले, असं चोर सांगायचा. गावाला शब्द फार आवडला. दूध उतू गेलं की सासू सुनेला घटकाबुडवी म्हणे. कुणी पोर सकाळी उशिरा उठलं की आई म्हणे, "ऊठ रे घटकाबुडव्या!"

आता त्या गावाची एक रीत सांगतो. कुणी गोष्ट सांगू लागला, की ऐकणाऱ्यांतल्या एकाने हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्यामागे 'हं' म्हणायचं. हं म्हणजे ऐकलं आणि पटलं. हुंकारा आला नाही, तर सांगणाऱ्याने पुढचं वाक्य बोलायचं नाही, मग तो राजा असो की भिकारी.

दोन वर्षांपूर्वी गावात एक दोर वळणारा म्हातारा येऊन राहिला होता. फारसं बोलायचा नाही. पण त्याचा हुंकारा असा, की कधी अलीकडे नाही, कधी पलीकडे नाही, अगदी मोजून मापून. चोराला तो फार आवडायचा. तो म्हणायचा, "बाबा, तुमच्या हुंकाऱ्यावर माझी गोष्ट पाण्यासारखी वाहते." म्हाताऱ्याने दोन वर्षं सगळ्या गोष्टीला हं म्हटलं. घोरण्यालासुद्धा.

एके दिवशी म्हातारा काठी टेकत, धापा टाकत आला आणि आपल्या जागी बसला. गोष्ट सुरू झाली. चौघे आले, हं. चाळीस पहारेकरी आले, हं. चोर म्हणाला, "मी गेलो तर हा झोपाळू म्हातारा घोरतोय."

हुंकारा आला नाही.

चोराने वाक्य पुन्हा म्हटलं. तरी हुंकारा नाही. चोर हसून म्हणाला, "काय बाबा, झोप लागली की काय?"

लोक खो खो हसले. म्हातारा मात्र हसला नाही.

"तेच तुला विचारायचं होतं," तो म्हणाला. "मला झोप लागली होती का रे?"

पोरं हसतच होती. मोठ्यांचं हसू विरलं.

"राजवाड्यातल्या पात्रापाशी मीच होतो," म्हातारा म्हणाला. "दरबारात मला विचारलं, भोक मोठं कुणी केलं? मी म्हटलं, ठाऊक नाही. मग म्हणाले, तुझ्या डोळ्यांदेखत भोक मोठं झालं आणि तुला ठाऊक नाही, म्हणजे तू झोपला होतास. मला काही तसं आठवत नव्हतं. पण सगळं जग म्हणतं तर लागली असेल डुलकी. टोला द्यायची मोगरी माझ्या हातातून काढून घेतली. मुलाच्या लग्नात मुलीकडचे म्हणाले, घटकाबुडव्याला मांडवात आणू नका. मी बाहेर बसलो. तेव्हापासून आज तीस वर्षं दुपारी डोळा मिटला नाही. मिटायची भीती वाटते."

थोडा दम खाऊन तो पुढे म्हणाला, "तुझ्या गोष्टीची कीर्ती ऐकली आणि इथे येऊन राहिलो. रोज हं म्हटलं. म्हटलं, हा तिथे होता, ह्यानेच पाहिलंय. पण आता माझी घटका भरत आली. म्हणून एकदा विचारतो. गोष्टीतलं नको, खरं सांग. मी झोपलो होतो?"

चोराने मनात हिशेब केला. 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? म्हातारा मान हलवून हं म्हणाला असता. पार तसाच राहिला असता, भाकरी तशीच आली असती. 'नाही' म्हटलं, तर उरलेल्या आयुष्यात ह्या पारावर बसायला तोंड राहणार नव्हतं. आणि तीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच जाणवलं, की आपल्याला त्या माणसाचा चेहरा आठवत नाही. आठवत होता तो फक्त त्याने पुढे केलेला पाण्याचा तांब्या.

"नाही," तो म्हणाला. मान वर करवेना म्हणून चिंचेच्या मुळांकडे बघत म्हणाला, "तुम्ही झोपला नव्हतात. तुम्ही म्हातारेही नव्हतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असाल, बस."

"मग?"

"मी वाटसरू बनून आलो. खोकल्याचं सोंग केलं. पाणी मागितलं. तुम्ही तांब्या पुढे केलात आणि तुम्हीच म्हणालात, उन्हातून आलास, नुसतं पाणी देऊ नये. गूळ आतल्या शिंक्यावर होता. तो काढायला तुम्ही आत गेलात. तेवढ्यात मी सुई फिरवली."

म्हाताऱ्याने पुढे वाकून त्याचा चेहरा निरखला.

"तो खोकणारा तू होय?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तो पाणी पिऊन गेला आणि त्यानंतर मला डुलकी लागली असेल. माझं पाणी पिऊन माणूस असं करेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही रे."

"मी तो गूळही खाल्ला," चोर म्हणाला.

पारावरची एक बाई पुढे आली. ती म्हणाली, "मग तू रोज ते घोरणं का सांगायचास?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही हसला असता का? मला भाकरी दिली असती का? चोर हवाहवासा वाटायला हवा असेल, तर लुटलेला माणूस वेडा ठरवावा लागतो. मी ठरवला."

एवढं बोलून चोर थांबला. रीतीप्रमाणे आता हुंकाऱ्याची पाळी होती.

"हं," म्हातारा म्हणाला.

मग त्याने काठी बाजूला ठेवली, पारावरच आडवा झाला, आणि भर दुपारी, साऱ्या गावासमोर डोळे मिटले. घटकाभरात त्याला गाढ झोप लागली. कुणी हललं नाही. तो उठेपर्यंत बायामाणसं उन्हात तशीच बसून राहिली. एका आईने आपल्या पोराला जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघू नये म्हणून त्याला हळूच काहीतरी सांगितलं. सांगताना तिचाच चेहरा उतरला होता.

चोर त्यानंतरही पारावर येत राहिला. गोष्टही सांगत राहिला, पण आता त्यात गूळ असायचा आणि टाळ्या नसायच्या. भाकरी कुणी आणत नव्हतं. तो दोर वळून पोट भरायचा. दोर वळायला त्याला म्हाताऱ्यानेच शिकवलं, आणि शिकवायच्या आधी गूळपाणी दिलं. ते पाणी चोराच्या घशाखाली उतरेना.

आता आपलं बोलू. चोर घोरून दाखवत होता तेव्हा तुम्ही हसलात, मीही हसलो. त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं, हे आपल्यातल्या एकानेही विचारलं नाही. ते त्याला स्वतःलाच येऊन सांगावं लागलं. मला त्याची लाज वाटते.

बोध एवढाच: ज्याला लुटलं त्यालाच गोष्टीत मूर्ख ठरवणं ही दुसरी चोरी असते, आणि तिच्यात हसणाऱ्याचाही वाटा असतो.