भुरका

“आवाज कुठाय?” नजीरचाचांनी विचारलं.

“कसला आवाज?” निनाद म्हणाला.

शपथेवर सांगतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे डोळे मिटलेले होते. चाचांच्या दुकानासमोरच्या सलूनमध्ये तोंडाला फेस फासून दाढीला बसलो होतो. पण कान उघडे होते, आणि दिसण्याजोगं ते न्हावी सांगत होता...

पुण्यात हल्ली दर चौकात कॉफीचं नवं दुकान निघतंय. भाजणारे हवेत, ओतणारे हवेत, दुधावर मोर काढणारे हवेत. पण चाखणारा घडवावा तो भवानी पेठेतल्या नजीरचाचांनीच. चाळीस वर्षं कॉफी भाजलेला माणूस. बी कुठल्या फांदीला लागलं होतं, तेही सांगतो.

त्यांच्याकडे चाखणाऱ्याची एकच जागा होती. तिच्यासाठी निनाद वैशंपायन सोळाव्या मजल्यावरची नोकरी सोडून आला होता. घरी सांगितलं नव्हतं. हातात परदेशी कोर्सचं सर्टिफिकेट, आणि मान त्याहून ताठ.

परीक्षा सोपी. पाच वाट्यांत कॉफी. एकीतली बी बिघडलेली. ती ओळखायची.

निनादनं पाचही वाट्यांतून चमचाचमचा घेतला. चिमणीलाही ऐकू जाऊ नये, असा.

“सगळ्या उत्तम,” तो म्हणाला. “जाईचा गंध आहे. मागून ताजं जर्दाळू...”

“ताजं जर्दाळू खाल्लंस कधी?”

“...पुस्तकात आहे.”

“हं. नाव निनाद, आणि आवाज नाही.”

“चाचा, आमच्याकडे आवाज करत पीत नाहीत. लहानपणी भुरका मारला की आई मांडीला चिमटा काढायची. पाहुण्यांसमोर!”

चाचांनी सर्टिफिकेट उचललं, टेबलावर पसरलं, त्यावर कडा उडालेली एक बशी ठेवली आणि पहिल्या वाटीतली कॉफी तिच्यात ओतली.

“आई कुठाय आत्ता?”

“कोथरूडला.”

“लांब आहे. मार.”

“फुर्र...”

“हा उसासा झाला. जीभ नुसती दरवान आहे, बेटा. वास वर चढायला वारा लागतो. पुन्हा.”

दुसरी वाटी. तिसरी. आणि चौथीला...

भुर्रर्रर्र!

न्हाव्याचा हात हलला. माझ्या हनुवटीवरची ही खूण त्याचीच.

“बारदान!” निनाद ओरडला. “ओलं बारदान! चाचा, हीच वाटी, हीच!”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही! आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. पावसाळ्यात मी गोण्यांवर लोळायचो...”

शर्टावर कॉफीचा ओघळ. सर्टिफिकेटवर बशीचं गोल वर्तुळ. आणि हा येड्यासारखा हसतोय. चाचाही हसले, पोट धरून.

मग निनादनं तोंड पुसलं. हळूच विचारलं, “चाचा... उद्यापासून येऊ?”

आता कबूल करतो. खुणेचं मी पदरचं घातलं. ती सायकलवरून पडल्याची आहे. चाचांचं उत्तर मात्र जसंच्या तसं :

“परवापासून ये. उद्या आईसमोर चहा पी. बशीतून.”