झडपेचा स्क्रू

“हीटर नवा घातलास. सेन्सर नवा. बोर्डही नवा. मग आता जुनं काय राहिलं?”

“वापरणारी,” निनाद खरमाटे म्हणाला.

तांबोळी मास्तरांनी मान वर केली. वापरणारी समोरच उभी होती.

शुभदा ओमासे. कुपवाडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती चार वर्षं कंत्राटावर केमिस्ट होती. तिच्या ताब्यातलं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. गोळ्यांमध्ये नको ते द्रावक उरलंय का, हे ते सांगतं. त्यासाठी त्याच्या पोटातला ओव्हन ठरल्याप्रमाणे तापावा लागतो. तो दीडशे अंशांवर जाऊन अडकत होता. दहा मिनिटं धडपडायचा आणि आपोआप बंद पडायचा.

निनाद हा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर. तीन दिवस तो त्या ओव्हनच्या मागे हात धुऊन लागला होता. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला नको तितकं माहीत होतं. हरलो म्हणायचं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने सर्व्हिस रिपोर्टात कारणाच्या रकान्यात लिहून टाकलं होतं: गरम ओव्हनचं दार वारंवार उघडल्यामुळे बिघाड, चुकीची हाताळणी, शुभदा ओमासे.

पाच वाजता प्रयोगशाळेचे मॅनेजर तो कागद घेऊन जाणार होते. शुभदाचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. असला कागद फायलीला लागला की पुढचं कंत्राट विसरायचं, हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

सही करण्याआधी निनादने मास्तरांना फोन करून बोलावलं होतं. खरं तर त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता.

बाबालाल तांबोळी चाळीस वर्षं असली यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झाले होते. निनादच्या हातात पहिलं मीटर त्यांनीच दिलं होतं. त्यांची एक रीत होती. पहिला अर्धा तास हत्याराला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं.

यंत्राला लटकवलेली नोंदवही तेवढी चाळून ते बसले होते.

“मास्तर, वेळ जातोय,” निनाद म्हणाला.

“जाऊ दे.”

“मी सगळं तपासलंय. पुस्तकात आहे त्या क्रमाने.”

“तू काय म्हणतेस, पोरी?”

शुभदा दचकली. तीन दिवसांत तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

“मी गरम असताना दार उघडत नाही, मास्तर. कधीच नाही. आणि… यंत्रामागची भिंत गरम लागते. पूर्वी नव्हती लागत. पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं मी.”

“मग?”

“ते आमचं काम आहे, तुम्ही त्यात पडू नका, म्हणाले.”

निनादने खिडकीबाहेर पाहिलं.

“ओव्हन का तापत नाही, हे शोधतोयस तू?” मास्तरांनी विचारलं.

“दुसरं काय शोधणार?”

“तापतोय की चांगला.”

“मास्तर, दीडशेच्या वर जात नाही!”

“तापतोय म्हणतोय मी… चालू कर.”

निनादने ओव्हन अडीचशेवर लावला. आकडे चढू लागले. मास्तर उठले. त्यांनी शुभदाकडून टिश्यू पेपर मागून घेतला, त्याची बोटभर पट्टी फाडली आणि यंत्राच्या मागे, गरम हवा बाहेर पडायच्या तोंडाशी धरली.

पट्टी फडफडली.

“झडप बंद आहे, मास्तर. ओव्हन थंड करतानाच ती उघडते. ही बघा, स्क्रीनवर लिहिलंय.”

“स्क्रीनवर लिहिलंय खरं. कागद काय म्हणतोय?”

निनाद यंत्रामागे वाकला.

मग त्याने मागचं कव्हर काढलं. झडप हलवणारी मोटर आपल्या जागी इमानेइतबारे फिरत होती. झडपेचा दांडा मात्र तिच्यासोबत फिरत नव्हता. दोघांना जोडणारा, तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू सैल होता. मोटर ‘बंद’च्या खुणेपर्यंत फिरली, म्हणून यंत्र झडप बंद समजत होतं, आणि सगळी आच मागच्या भिंतीवर जात होती.

निनादने ॲलन कीने, त्या बारीक षटकोनी किल्लीने, स्क्रू आवळला. झडप मिटली.

दीडशे. एकशे ऐंशी. दोनशे दहा… अडीचशे. आकडा तिथेच थांबला.

शुभदाने डोळे पुसले. तिला लाज वाटली, पण पुसल्याशिवाय राहवलं नाही.

निनादने जुना रिपोर्ट फाडला. नव्या कागदावर कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं: यंत्राच्या कंपनामुळे झडपेचा स्क्रू सैल. तिचं नाव गेलं होतं. आपण बरंच मन मोठं केलं, असं त्याला वाटलं. त्याने कागद मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी तो वाचला. मग हात पुढे केला.

“की दे.”

निनादने ॲलन की दिली. मास्तर यंत्रामागे वाकले आणि त्यांनी तो स्क्रू पुन्हा सैल केला.

झडप उघडी पडली. आकडे उतरू लागले. दोनशे तीस. दोनशे पाच.

“मास्तर! हे काय केलंत?”

“दुरुस्ती अजून व्हायचीय.”

“झाली होती की! तुम्ही पाहिलंत!”

मास्तर खुर्चीत जाऊन बसले. की त्यांच्या मुठीत होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

निनाद चिडला. एक मिनिट तो खरोखरच चिडलेला होता. मग त्याने शुभदाकडे पाहिलं, आणि ती यंत्राला लटकवलेल्या नोंदवहीकडे पाहत होती असं त्याच्या लक्षात आलं. त्याने वही उघडली. जानेवारी, वार्षिक सर्व्हिस. झडप काढून साफ केली. सही त्याचीच.

झडप काढायची तर तो स्क्रू सोडावाच लागतो.

त्या दिवशी त्याला मिरजेत दुसरा कॉल होता. घाई होती. स्क्रू बोटाने फिरवून ठेवला होता, कीने नंतर आवळू म्हणून… ते नंतर राहूनच गेलं होतं.

त्याने वही मिटली.

“माझं नाव लिहिलं, तर आमच्या ऑफिसात मला ठेवतील की नाही, सांगता येत नाही,” तो हळूच म्हणाला.

मास्तर घड्याळाकडे पाहत राहिले.

“तिचं लिहिलं होतं, तेव्हा मला हा विचार आला नव्हता.”



निनादने तिसरा कागद घेतला. या वेळी त्याने भरभर लिहिलं नाही. जानेवारीच्या सर्व्हिसमध्ये झडपेचा स्क्रू आवळायचा राहिला. चूक माझी. केमिस्ट शुभदा ओमासे यांनी गरम भिंतीची कल्पना पहिल्याच दिवशी दिली होती, मी ती ऐकली नाही. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

कागद त्याने आधी तिच्या हातात दिला.

“वाचा, मॅडम. काही राहिलं असेल तर सांगा.”

तिने वाचलं. दोनदा वाचलं.

“काही राहिलं नाही, सर,” ती म्हणाली.

बाहेर मॅनेजरांच्या चपलांचा आवाज आला. ते आत आले, कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी निनादकडे पाहिलं, मग शुभदाकडे, आणि तिच्याकडे पाहताना आठी जराशी सैलावली.

“आणि ओव्हन?” त्यांनी विचारलं. “अजून उतरतोच आहे की हा.”

“एक स्क्रू आवळायचा आहे,” निनाद म्हणाला. “पण साहेब, उद्या आमच्याकडून दुसरा इंजिनियर मागवून घ्या. माझ्या हातून नको. आता माझ्यावर भरवसा ठेवा, असं कुठल्या तोंडाने म्हणू?”

तांबोळी मास्तर उठले. त्यांनी मूठ उघडली आणि की निनादच्या तळहातावर ठेवली.

“दुसरा कशाला? तो हा स्क्रू अजून एकदाही विसरलेला नाही. तू एकदा विसरलायस. तूच आवळ.”