पाचवा घास

एकदा एका वृद्ध वैद्यबाईंकडे कालिंदी नावाची तरुण आई आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे वजन तीन महिने वाढले नव्हते. तपासणीत आजार काही सापडेना. वैद्यबाईंनी हळुवारपणे विचारले, तेव्हा कालिंदी खाली मान घालून म्हणाली, "चार घास भरवते. पाचव्याला हात उचलत नाही. तिचं पोट सुटेल असं वाटतं."

शेजारी बसलेल्या शिष्येने तिच्या मनगटाकडे पाहिले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ही बाई स्वतःही जेवत नाही, हे उघड होते. शिष्येचा संताप अनावर झाला.

"आई असून लेकराला उपाशी ठेवता?"

कालिंदीने मूल उचलले आणि ती निघून गेली. पुढे आठ दिवस ती फिरकली नाही.

नवव्या दिवशी वैद्यबाई शिष्येला घेऊन तिच्या घरी गेल्या. मुलीचा चेहरा अधिकच उतरला होता. वैद्यबाईंनी मऊ भात कालवला, मुलीला मांडीवर घेतले आणि शिष्येला म्हणाल्या, "कालिंदीला घेऊन ओसरीवर बस. उपदेश करू नकोस."

शिष्या गोंधळली. परतताना तिने विचारले, "बाई, उपासमार मुलीची झाली. मग मला आईपाशी का बसवलंत?"

"ज्या अन्नाचा तिला धाक वाटतो, त्याच अन्नात तिला दिवसातून तीनदा हात घालावा लागतो. तरी चार घास ती भरवते. ते चार तुला दिसले नाहीत. रागावलीस, तर ती दार लावून घेईल, आणि आत लेकरू एकटं पडेल. तिच्या दुखण्यावर उपचार होतील, त्यांना वर्षं लागतील. मुलीची भूक तेवढं थांबणार नाही. तोवर त्या ताटाशी कुणीतरी बसायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी शिष्या एकटीच मुलीला भरवायला जाऊ लागली.

दोन महिन्यांत मुलीने थोडे अंग धरले. कालिंदी मात्र तशीच वाळलेली राहिली. पण आता ती ओसरीवरून उठून आत, भिंतीशी येऊन बसे.

एके दिवशी मुलीने स्वतःच्या हाताने भात घेतला, निम्मा खाल्ला, निम्मा केसांना फासला. ते पाहून ताट ओढून घ्यायला कालिंदीचा हात पुढे झाला, तो तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

शिष्या सरकून तिच्या शेजारी बसली. मुलगी जेवत राहिली.