तांबडी घाण

त्या थंड समुद्राला बर्फाचं छप्पर होतं, आणि छपराला तडा गेला की वर्ष सुरू होई. तड्यातून ऊन आत येई, काचेच्या डब्यांत राहणारे हिरवे जीव जागे होत, आणि ते जागे झाले की जवळ्याच्या झुंडींची पंगत बसे. जवळ्यामागून देवमासे येत, त्याला गिळत, आणि हिरव्यांच्या डोक्यावर तांबडी घाण टाकून निघून जात. हिरव्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं.

त्यांच्यातल्या काचुलीच्या मात्र नाही. हिरव्यांत रीतच अशी, की एका डबीच्या दोन बहिणी होताना आईची झाकणं वाटून घ्यायची. वरचं काचुलीला आलं, खालचं बिंदीला. त्या बिंदीला जवळ्याने काचुलीच्या डोळ्यांदेखत मटकावलं. काच कडाकडा फुटलेली तिने ऐकली! "तुमचा निर्वंश करीन," काचुली म्हणाली, आणि तो राग उराशी धरून थंडीभर तळाच्या चिखलात झोपली.

पुढच्या खेपेला तडा फार लवकर गेला. दूर कुठे कुणी भलत्याच चुली पेटवल्या होत्या म्हणे, त्यांच्या धगीने बर्फ पातळ झालं होतं. जवळा अजून लांब होता. काचुलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"उठा गं सगळ्या! आत्ताच फुलायचं, पाण्यातला कस चाटूनपुसून खायचा आणि ते यायच्या आत तळ गाठायचा. मरू देत मेले उपाशी!"

"अगं पोरी, कस येतो कुठून?" थोरली आत्या म्हणाली. "वरून ती तांबडी घाण पडते ना, तिच्यातच..."

"शी! तिचं नाव काढू नका, आत्या. पुरे झाली आपल्या डोक्यावर!"

सगळ्या हसल्या.

बघता बघता समुद्र हिरवागार झाला आणि बघता बघता रिकामा. जवळा आला तेव्हा पाणी नितळ होतं. खपाटीला गेलेल्या पोटांनी तो एकमेकांचेच पाय कुरतडू लागला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. देवमाशांनी फेऱ्या मारल्या, लांबलचक हाका घातल्या आणि तोंड फिरवलं. तळातून काचुली हे सगळं बघत होती. असा जीव थंड झाला होता तिचा! ती त्या वर्षी अगदी सुखाने झोपली.

जाग आली तेव्हा वर छप्परच नव्हतं. ऊन हवं तेवढं होतं आणि खायला टपलेलं कुणी नव्हतं. काचुली ऐटीत वर आली, फुलायला लागली, पण अंगाला रंगच धरेना. शेजारच्या पिवळ्या पडून एकेक करून खाली चालल्या होत्या. त्यांच्यात आत्याही होती.

"आत्या, त्या दिवशी काय सांगत होता तुम्ही?"

आत्याने फक्त वर पाहिलं आणि ती बुडाली.

काचुलीनेही वर पाहिलं. "या रे!" ती ओरडली. "जवळ्या, ये! खा मला!" मग आईचं झाकण आभाळाकडे उघडं धरून, त्या स्वच्छ पाण्यात ती एखाद्या देवमाशाची सावली डोक्यावरून जाण्याची वाट बघत राहिली.