पंधरा हात दोर

फार वर्षांमागे कातळावरच्या एका गावात एक दोरशेट राहायचा. गावाला विहीर एकच, आणि तीही अशी की वाकून पाहिलं तर तळ दिसू नये. पाणी सगळ्यांचं होतं, दोर मात्र शेटचे. ज्याची जशी पत, तसा तो दोर द्यायचा. नव्या बिऱ्हाडाला पंधरा हात, जुन्या माणसाला वीस आणि चोख वागणाऱ्याला तीस. बदल्यात दर दहा घागरींमागे एक घागर शेटच्या हौदात ओतायची. शेटने स्वतः उभ्या जन्मात पाणी शेंदलं नव्हतं.

आता गंमत बघा, पाणी असायचं बारा हातांवर. तीस हात दोर कोणाला लागतच नव्हता! पण लोकांना त्याची मिजास केवढी! सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो हे नंतर, आधी विचारायचे, "दोर किती हातांचा?" पूर्वी माणसं घरीच दोर वळायची, तेही बंद पडलं. शेट देतोय की, मग हाताला घट्टे कोण पाडून घेणार?

एक वर्ष कोरडं गेलं, दुसरंही गेलं. पाणी चौदा हातांवर उतरलं. दोर वळायला लागणाऱ्या अंबाडीच्या गाड्या येईनाशा झाल्या. त्यातच बाजारात शेटच्या कानावर आलं की पलीकडच्या गावात एकाचे चार दोर तुटून विहिरीत गेले. झालं! शेटची झोप उडाली. आपले दोर झिजले तर? लोक दोरासकट गाव सोडून गेले तर? त्याने ठरवलं, सगळ्यांचे दोर पंधरा हातांवर आणायचे आणि कापलेले तुकडे विकून रोकड हाताशी ठेवायची.

शेटाणी तापाने अंथरुणाला खिळली होती. तिथूनच ती म्हणाली, "अहो, लोकांना विचारा तरी. पाणी आणखी खाली गेलं तर काय करतील ते?"

"पाणी चौदावर, दोर पंधरा. पुरतो की! तू पड गुपचूप."

कोयता घेऊन निघाला खरा, पण भांडकुदळांच्या दारात जायची छाती होईना. म्हणून पहिल्यांदा गेला तो रंगारणीकडे. एकटी बाई, कापड रंगवून पोट भरणारी. बारा वर्षांत तिची एकही दहावी घागर चुकली नव्हती.

"शेटजी, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"छे छे, बाई! तुमची पत तीच आहे. दिवस फिरलेत, त्याला मी काय करू?"

"तीस हात आहे म्हणून निर्धास्त होते हो मी. कधी लागला नाही, पण अडीनडीला आहे एवढा धीर होता."

"लागत नाही ना? मग प्रश्नच मिटला," म्हणत शेटने खचकन कोयता चालवला. बाईचा चेहरा पार उतरला. शेटला क्षणभर लाज वाटली, पण पुढची घरं सोपी गेली. तिच्यासारखीचा दोर कापला तिथे आपलं कोण ऐकणार, म्हणून बाकीचे नुसते चरफडले. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे बाजारच्या गाडीवानाने विकत नेले.

आठव्या दिवशी पाणी वीस हातांवर गेलं.

घागरी अधांतरी लोंबकळू लागल्या. पोरं पाणी पाणी करू लागली, गुरं हंबरू लागली. लोक शेटच्या दारात आले. "शेट, दोर द्या हो!" पण द्यायला होतं काय? कनवटीला रोकड होती, आणि अंबाडी दहा कोसांत कुठे नव्हती. शेट दार लावून आत बसला.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हौदात दोन दिवस कोणी काही ओतलेलं नाही. ओतणार कुठून? लोकांची पहिलीच घागर वर येईना, तर शेटची दहावी कशी येणार! गुडघाभर पाणी घोट्यावर आलं आणि तिसऱ्या दिवशी तळाचा गाळ दिसला. शेटाणीचा ताप चढत होता. "घोटभर पाणी द्या हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेटची पाचावर धारण बसली. रिकामी घागर उचलून तो भर उन्हात विहिरीकडे पळत सुटला.

विहिरीवर सगळं गाव गोळा झालं होतं. रंगारणीने दारोदार फिरून लोकांना तयार केलं होतं आणि दोन-दोन घरांचे दोर एकमेकांना बांधले होते. गाठ कप्पीत अडकायची, म्हणून कप्पी काढून माणसं काठावरून नुसत्या हातांनी ओढत होती. तळवे सोलले होते, पण भरलेली घागर वर येत होती.

शेटचा जीव भांड्यात पडला. सवयीने तो म्हणाला, "दोर माझे आहेत. माझी दहावी घागर इकडे द्या."

रंगारीण म्हणाली, "शेटजी, तुमचा दोर पंधरा हातांचा. पंधरा हातांवर जेवढं पाणी लागेल, त्यातलं दहावं तुमचं. खुशाल घ्या."

शेटने आत वाकून पाहिलं. पंधरा हातांवर कोरडा कातळ होता.

"बाई," रिकामी घागर पुढे करत तो म्हणाला, "घरात ती तापाने फणफणलीय. हौदात थेंब नाही."

रंगारणीने आपली घागर उचलली आणि त्याच्या घागरीत ओतली. "हे दहाव्यातलं नाही हं," ती म्हणाली. "तहानलेल्याला देतात ते आहे."

शेटाणी पोटभर पाणी प्याली. डोळे उघडून म्हणाली, "आली वाटतं आपली दहावी?"

"नाही गं," शेट खाली मान घालून म्हणाला. "मागून आणली."

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि पाणी बारा हातांवर आलं. शेटने चाळीस-चाळीस हातांचे नवे दोर आणून ओट्यावर मांडले. लोक येता-जाता रामराम करत आणि पुढे जात. घरोघरी पुन्हा दोर वळले जात होते; शेटचा दोर कोणीच उचलला नाही.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: पाणी वर असताना लांब दोर कोणीही देतो. पाणी खोल गेल्यावर जो दोर आखडतो, त्याचा वाटाही पाण्याबरोबर खोल जातो.